मीठ घातलं म्हणून समुद्र होत नाही

टेबलावर मावेल एवढी काचेची पेटी. आत निळा प्रकाश, जांभळे-हिरवे प्रवाळ, वाळूवरून चालणारा छोटासा खेकडा, दगडाआडून मिशा हलवणारी लाल-पांढरी कोळंबी. तीस सेकंदांचा रील संपतो आणि बोट आपोआप 'कुठे मिळेल?' असं टाइप करायला लागतं. मुंबई-पुण्यात हे वेड जुनं आहे. आता ते आपल्याकडेही आलंय. हिंगोलीहून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरपेक्षा लांब असला तरी कुरिअरला काय त्याचं! मिठाची पिशवी, दिवा, पंप, दगड, सगळं घरपोच येतं. जिवंत प्राणीसुद्धा.

हा नाद वाईट आहे, श्रीमंतांचे चोचले आहेत, असं सांगायला मी इथे आलेलो नाही. खाऱ्या पाण्याची टाकी नीट सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी वर्षभरात जेवढं रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकते, तेवढं प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून क्वचितच शिकायला मिळतं. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हे सगळं उलट्या क्रमाने करतो. आधी प्राणी आणतो, मग पाणी शिकतो. आणि शिकेपर्यंत प्राणी मेलेला असतो.

लहान म्हणजे सोपं नव्हे

'पहिल्यांदाच करतोय, म्हणून छोटी टाकी घेतो' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. गणित करून बघा. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ४० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टाकीत १४०० ग्रॅम. आता समजा एप्रिल-मेचे दिवस आहेत, वर पंखा लावलाय आणि रोज लिटरभर पाणी उडून जातंय. तुम्ही चार दिवस वसमतला लग्नाला गेलात. पाणी उरलं ३६ लिटर. क्षार मात्र उडत नाहीत, ते १४०० ग्रॅमच राहिले. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ३९ ग्रॅम. तुम्ही परत येता, घाबरून एकदम चार लिटर गोडं पाणी ओतता, आणि काही मिनिटांत खारटपणा पुन्हा ३५ वर!

माणसाला हा फरक कळणारही नाही. पण कोळंबी, तारामासा, समुद्री गोगलगाय, प्रवाळ यांच्या अंगातल्या द्रवाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याएवढाच असतो. बाहेर बदल झाला की आतही होतो. माशाची मूत्रपिंडं आणि कल्ले थोडाफार तोल सांभाळतात. या अपृष्ठवंशी प्राण्यांना ती सोय जवळजवळ नाही. म्हणून अशा टाकीत मासे मजेत दिसतात आणि तारामासा दोन दिवसांत विरघळल्यासारखा होतो. मोठ्या टाकीत तेच चार लिटर गेले तर फारसं बिघडत नाही. लहान टाकी चूक पोटात घालत नाही.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि रोज तेवढंच गोडं, शुद्ध पाणी थोडं थोडं घालायचं. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नाही. रोज म्हणजे रोज, परीक्षेच्या दिवशीसुद्धा.

लोणारचं पाणीही खारंच की!

आपल्यापासून फार लांब नसलेलं, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितलं असेल. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा तर सगळ्यांच्या स्टेटसवर होतं. त्याचं पाणी खारं आहे, पण त्यात प्रवाळ एक दिवसही जगणार नाही. कारण त्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास असतो. त्यात सोड्याचे क्षार भरपूर आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदी कमी. समुद्राचा पीएच आठच्या थोडा वर असतो. म्हणजे 'खारं पाणी' ही एकच गोष्ट नाही. कोणते क्षार, किती प्रमाणात, यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून किराणा दुकानातलं मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांमध्ये सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के भरतात. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं सगळं येतं. शंख, कवच आणि प्रवाळाचा सांगाडा या पंधरा टक्क्यांवर उभा राहतो. मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ त्यासाठीच असतं.

आणि ते मिसळायचं कशात? बोअरच्या पाण्यात नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे, ते बादलीवरचा पांढरा थर सांगतो. त्यात नायट्रेट असेल तर टाकीत पहिल्या दिवसापासून शेवाळ. म्हणून आरओचं पाणी लागतं. आता हिशोब करा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला १६ लिटर आणि उडालेल्याची भर ३० लिटर, म्हणजे ४६ लिटर आरओ पाणी. घरगुती आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो, त्याहून जास्त पाणी सहसा बाहेर टाकतो. ज्या गल्लीत मे महिन्यात टँकरची वाट बघितली जाते, तिथे हे नाल्यात सोडणं मला तरी पटत नाही. ते बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात वापरलं पाहिजे. टाकी ठेवायचीच असेल तर ही बादली टाकीचाच भाग समजा.

वीज आणि ऊन

प्रवाळ दिसायला झाडासारखा, लागायला दगडासारखा. असतो मात्र प्राणी. हजारो छोटे जीव एकत्र राहून वसाहत करतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी जास्त तापलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं, रंग जातो, पांढरा सांगाडा दिसायला लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी ते होतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे भोगलंय.

टाकीत २५ ते २७ अंश सेल्सिअस चांगलं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय असतं, ते सांगायला नको. इथे एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आपली उन्हाळी हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर कूलरच्या तत्त्वाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा पंखा एवढं काम करत नाही. पण पाणी थंड होतं ते उडून. म्हणजे पंखा जितका चांगला चालेल, तितका खारटपणा वेगाने वाढेल. एक दुखणं बरं करताना दुसरं वाढतं, ही या छंदाची खरी गंमत आणि खरी डोकेदुखी.

आणि लाइट गेली तर? पंप थांबतो, पाणी हलत नाही, प्राणवायू कमी होतो. फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप ही चैनीची वस्तू नाही. प्राणी आणण्याच्या आधी तो घरात हवा.

मोरचूद, कात आणि उपास

शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना मोरचूद माहीत असतो. बोर्डो मिश्रणात तो वापरतात, कारण तांबं बुरशीला मारतं. तेच तांबं कोळंबी, गोगलगाय, खेकडा आणि प्रवाळ यांनाही अत्यल्प प्रमाणात मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. मासा आजारी पडला म्हणून कुणी टाकीतच औषध ओतलं, तर मासा बहुधा वाचेल, बाकीचे प्राणी जाणार. शिवाय तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं. म्हणून औषध द्यायचं ते वेगळ्या भांड्यात. फवारणी करून आलेला हात टाकीत घालायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

कोळंबी आणि खेकडे कात टाकतात. सकाळी टाकीत उलटी पडलेली अख्खी 'मेलेली' कोळंबी दिसते आणि ती निघते रिकामी कात. खरी कोळंबी मऊ अंगाने दगडामागे लपलेली असते. अशा वेळी तिला हुसकायचं नाही. शंखात राहणारा हर्मिट क्रॅब वाढला की त्याला मोठा रिकामा शंख लागतो. तो नसेल तर जिवंत गोगलगाईला मारून तिचा शंख घेतो. वाळूत दोन-तीन मोठे रिकामे शंख टाकले की भांडण मिटतं. आणि तारामासा, सी अॅनिमोन नव्या टाकीत आणूच नका. टाकी मुरायला बरेच महिने लागतात. तोवर त्यांचा मृत्यू म्हणजे बहुतेक वेळा हळूहळू झालेली उपासमार असते.

नव्या टाकीचा पहिला महिना-दीड महिना तर प्राण्यांशिवायच जायला हवा. या काळात जिवाणू वाढतात. ते विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचं टेस्ट किटवर दिसेपर्यंत थांबायचं. रील बनवणारा हे दीड महिने दाखवत नाही. रिकाम्या टाकीला कोण लाइक देणार!

आणखी एक धोका आपल्या जिवाचा. दुकानात झोअँथिड नावाचे रंगीत बटणांसारखे प्रवाळ मिळतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असे दगड उघड्या हातांनी घासायचे नाहीत आणि 'साफ करायला' म्हणून गरम पाण्यात कधीच उकळायचे नाहीत. वाफेतून अख्ख्या घराला बाधा झाल्याची उदाहरणं जगभर आहेत.

चुन्याची निवळी आणि कायदा

कठीण प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. त्यामुळे टाकीतलं कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएचवर स्थिर ठेवावी लागते. त्यासाठी जगभरचे हौशी लोक 'कॅल्कवासर' वापरतात. जर्मन नाव बघून दबू नका. ती आपली चुन्याची निवळीच. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम शुद्ध चुना विरघळतो, गाळ खाली बसला की वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडायचं. पानाला लावायचा चुना मात्र नको. आणि एकदम ओतायची तर मुळीच नाही, कारण निवळीचा पीएच बाराच्या वर असतो.

आता मी हे सांगितलं आणि लगेच सांगतो, की कठीण प्रवाळ तुम्ही पाळूच नका. यात आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही, कायद्याचा येतो. २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत गेले. ही वाघाची अनुसूची आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही तेच संरक्षण आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मालवणच्या सहलीतून 'आठवण' म्हणून खिशात घालून आणलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा याच कायद्याखाली येतो.

कायदा नुसता पुस्तकात नाही. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. एवढ्या प्रचंड प्रकल्पालाही त्या मूठभर जिवांसाठी परवानगी घ्यावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावं लागलं. आणि आपण मात्र मेसेजवर 'भैया, कोरल है क्या?' विचारून पैसे पाठवतो. 'फार्ममध्ये वाढवलेला आहे, टेन्शन नको' हे विक्रेत्याचं तोंडी वाक्य म्हणजे कागद नव्हे. पकडलं गेल्यावर तो फोन उचलेल का, याचा विचार तुम्हीच करा. मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ वरच्या यादीत नाहीत. तरी बिल आणि बाहेरून आलेले असतील तर आयातीचे कागद मागा. शंका असेल तर घेण्याआधी वन विभागात विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग करायचं काय?

'मग सगळंच बंद करा की!' असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक महिलांना शोभिवंत समुद्री कोळंबी वाढवायला शिकवलं. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाऊनफिशची पैदास होते. प्रवाळाचे तुकडे करून वाढवण्याची जी तंत्रं आज समुद्रात पुनर्लागवडीसाठी कामी येतात, त्यांतही हौशी लोकांच्या घरच्या टाक्यांचा वाटा आहे. समुद्रातून ओरबाडलेला प्राणी आणि टाकीत जन्मलेला प्राणी यांत फरक आहे, आणि तो फरक ग्राहकाने विचारला तरच विक्रेता सांगेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दहा खोल्यांत दहा टाक्या मरण्यापेक्षा कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एक टाकी जगू द्या. शंभर-सव्वाशे लिटरची, वर्गणी काढून. रसायनशास्त्राच्या मुलांनी पाणी तपासायचं, कॉमर्सवाल्यांनी खर्च लिहायचा, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत गावातच राहणाऱ्यांची पाळी लावायची. ही पाळी कागदावर लिहून काढता येत नसेल, तर टाकी सुरूच करू नये. पहिले तीन महिने नुसतं पाणी, दगड आणि वही. मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई, मग एखादी कोळंबी. सहा महिने आकडे हलले नाहीत तर कागदपत्रांसह एखादा मऊ प्रवाळ. कठीण प्रवाळ बघायचे असतील तर मालवणला जा, पाण्यात डोकं घाला, हात मात्र लावू नका.

आणि वर्गणी जमली नाही तर? पूर्णेच्या, कयाधूच्या गोड्या पाण्यातही अपृष्ठवंशी प्राणी आहेत. शिंपले, गोगलगाई, झिंगे. त्यांनाही अमोनिया मारतो, त्यांनाही तांबं चालत नाही, झिंगाही कात टाकतो. सगळे धडे तेच, मीठ तेवढं वजा. दोन-चारच आणायचे, जिथून आणले त्याची नोंद ठेवायची. दुकानातून आणलेला कुठलाही प्राणी मात्र नदीत सोडायचा नाही. टाकीतून सुटलेल्या सकरमाशांनी आपल्या जलाशयांत काय केलंय, ते मासेमारांना विचारा.

औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. अणूच्या केंद्रकापेक्षाही सूक्ष्म हालचाल मोजायचं काम तिथे चालणार. त्या जिल्ह्यातल्या मुलांना ४० लिटर पाण्यातलं मीठ अचूक मोजता आलंच पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी बोट 'कोरल' टाइप करायला लागलं, तर आधी 'रिफ्रॅक्टोमीटर' टाइप करा. तो घ्या, बादलीत पाणी कालवा आणि महिनाभर रोज मोजून वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी वहीत एकही दिवस रिकामा नसेल, तर तुम्ही टाकीसाठी तयार आहात. आणि पाचव्या दिवशीच कंटाळा आला, तर तोही फायद्याचाच सौदा. एक वही वाया गेली, कुणाचा जीव गेला नाही.